ओट्सचे बिस्किट घरी करा, पण साखर मोजून

मधुमेहाच्या रुग्णाला खाण्यापिण्याचे विचारले की हल्ली एक उत्तर हमखास मिळते. ‘‘साखर तर बंदच केली, डॉक्टरसाहेब. सकाळी चहासोबत फक्त ओट्सचे बिस्किट खातो.’’ किती, असे विचारले की चार ते सहा. चहात साखर किती, तर ‘‘थोडीशीच’’.

चंद्रपूर, बल्लारपूरच्या मोठ्या दुकानांपासून धानोरा, एटापल्लीच्या किराण्यापर्यंत आता ‘ओट्स’, ‘मल्टिग्रेन’, ‘डायजेस्टिव्ह’ अशा नावांची बिस्किटे पोहोचली आहेत. पुड्यावर धान्याची ओंबी असते, हिरवे पान असते. लोक ती बिस्किटे औषधासारखी खातात आणि तीन महिन्यांनी तपासणीत साखर वाढलेली दिसली की शंका गोळीवर घेतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या गटाला अजून गोळी लागलेली नाही. त्यांचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी चहा, नाश्ता आणि चालणे यांवर ठरते. म्हणून बिस्किटासारख्या छोट्या गोष्टीवर एवढे लिहावेसे वाटले.

सांगायचे ते थोडक्यात असे: ओट्स घातले म्हणून बिस्किट आरोग्याचे होत नाही. त्यात साखर किती, तूप किती आणि आपण किती खातो, या तीन आकड्यांवर ते ठरते. घरी केले तर तिन्ही आकडे आपल्या हातात राहतात.

ओट्स चांगले, पण किती?

ओट्स म्हणजे जई. उत्तर भारतात ती प्रामुख्याने जनावरांच्या चाऱ्यासाठी पिकते. तिच्या दाण्यात बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पोटात गेल्यावर तो पाणी धरून चिकट होतो. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते आणि कोलेस्टेरॉलही थोडे कमी होते. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध आहे. परंतु कोलेस्टेरॉलवर परिणाम दिसायला दिवसाला साधारण ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन लागते. १०० ग्रॅम ओट्समध्ये ते सुमारे ४ ग्रॅम असते. म्हणजे रोज ७५ ग्रॅम ओट्स खावे लागतील.

आता बिस्किटाकडे पाहू. पुढे दिलेल्या घरगुती कृतीत १०० ग्रॅम ओट्सची २४ बिस्किटे होतात. एका बिस्किटात जेमतेम ४ ग्रॅम ओट्स आले. दोन बिस्किटे खाल्ली तर गरजेच्या बीटा-ग्लुकॅनचा जेमतेम नववा हिस्सा मिळतो. बिस्किटातून ओट्सचा पूर्ण फायदा घ्यायचा म्हटले तर दिवसाला अठरा बिस्किटे खावी लागतील! तेव्हा ओट्सचा खरा उपयोग हवा असेल तर वाटीभर ओट्सचा उपमा किंवा ताकातली पेज करा. बिस्किट हे खाऊच आहे. तो कमी अपाय करणारा खाऊ कसा होईल, एवढाच आपला प्रश्न.

साखरेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही साखर २५ ते ३० ग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला आहे. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे पाच-सहा छोटे चमचे. यात गूळ, मध, सरबत, सगळे धरायचे.

साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे वजनाचा चौथा हिस्सा. घरच्या नानकटाईचे प्रमाणही फार वेगळे नाही. दोन भाग मैदा, एक भाग पिठीसाखर, एक भाग तूप. इथेही चौथा हिस्सा साखरच. ओट्स कुकीची जी परदेशी पाककृती सगळीकडे फिरते, तीत तर जेवढे ओट्स जवळपास तेवढ्याच वजनाची साखर असते.

विकतचा पुडा घ्यायचाच असेल तर पुढची बाजू सोडून मागची वाचा. अक्षरे बारीक आणि इंग्रजी असतात. घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला सांगा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल, तर खाली ओट्स लिहिलेले असूनही ते मैद्याचेच बिस्किट आहे. ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘लिक्विड ग्लुकोज’ हीसुद्धा साखरेचीच नावे. पोषणाच्या तक्त्यात ‘शुगर’ या शब्दासमोरचा आकडा १०० ग्रॅमला २० च्या वर असेल तर तो पुडा मधुमेह्याचा नव्हे.

आणि चहा विसरू नका. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम. दिवसाला चार कप झाले की ३२ ते ४० ग्रॅम. बिस्किटाची साखर कितीही कमी केली आणि चहा तसाच ठेवला, तर हिशेब जुळणार नाही.

साखर कमी केली की बिस्किट का बिघडते?

अनेक जणी साखर निम्मी करून पाहतात, बिस्किट दगडासारखे होते आणि पुन्हा कोणी करत नाही. कारण बिस्किटात साखर गोडीशिवाय चार कामे करते. भट्टीत वितळून ती बिस्किट पसरवते. पाणी धरून ठेवते. मैद्याचा चिवटपणा वाढू देत नाही, म्हणून खुसखुशीतपणा येतो. आणि वरचा तपकिरी रंग व खरपूस वास बराचसा तिच्यामुळे येतो.

ही कामे दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतात. पसरण्याचे काम हाताने करायचे, म्हणजे गोळा आधीच दाबून पातळ करायचा. ओलाव्यासाठी पिकलेले केळे. चिवटपणा टाळायला मैद्याऐवजी ज्वारीचे पीठ, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. रंगासाठी थोडा गूळ आणि दूध. वासासाठी भाजलेले तीळ, वेलची, जायफळ. जायफळ-वेलचीने गोडीचा भास थोडा वाढतो, हेही लक्षात ठेवा.

साहित्य आणि कृती

साधारण २४ बिस्किटांसाठी: ओट्स १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, भाजून जाडसर कुटलेले जवस २० ग्रॅम, भाजलेले तीळ १० ग्रॅम, तूप ६० ग्रॅम, किसलेला गूळ ४० ग्रॅम, एक चांगले पिकलेले मध्यम केळे, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ आणि लागेल तसे दोन-तीन चमचे दूध. घरी काटा नसेल तर किराणा दुकानात एकदा वजन करून घ्या आणि आपल्या वाटीत ते कुठपर्यंत येते ती खूण लक्षात ठेवा. प्रत्येकाची वाटी वेगळी असते. अंदाजाने घातलेली साखर नेहमी जास्तच पडते.

ओट्स मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा. निम्मे मिक्सरमधून जाडसर काढा, निम्मे तसेच ठेवा. तूप आणि गूळ हलके होईपर्यंत फेटा, त्यात केळे कुस्करा. मग सगळी पिठे, ओट्स, जवस, तीळ, बेकिंग पावडर, मीठ घाला. फार मळू नका. लागेल तेवढे दूध घालून गोळा करा आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवा, म्हणजे ओट्स भिजतात. सारखे २४ गोळे करून प्रत्येक गोळा अर्धा सेंटिमीटर जाडीचा दाबा.

ओव्हन असेल तर १८० अंशावर १५ ते १८ मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या गंजात वाळूचा किंवा मिठाचा थर द्या, त्यावर लोखंडी कडे ठेवा, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवा. मग तूप लावलेली थाळी आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे. कडा तपकिरी झाल्या की काढा. गरम असताना बिस्किट मऊ लागते, थंड झाल्यावर घट्ट होते. म्हणून जास्त भाजू नका. दिवाळीत नानकटाईचे डबे घेऊन बेकरीत जाण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. पीठ आणि तूप आपले नेऊन बेकरीवाल्याकडून भाजून घेता येईल.

केळ्यामुळे हे बिस्किट बाहेर दोन-तीन दिवसच टिकते, पावसाळ्यात त्याहून कमी. फ्रिज नसेल तर निम्म्या मापाने करा.

आता आकडे. एका बिस्किटात गुळाची साखर दीड ग्रॅमच्या आसपास आणि केळ्याची अर्धा ग्रॅम. १०० ग्रॅमचा हिशेब केला तर ग्लुकोज बिस्किटाच्या साधारण निम्मी साखर. पण उष्मांक? एका बिस्किटात सुमारे ७० कॅलरी, कारण तूप आहे, धान्य आहे. दोन बिस्किटे म्हणजे जवळपास एक मध्यम भाकर. म्हणून मधुमेह्याने दिवसाला दोनच खावीत आणि ती नेहमीच्या खाण्याच्या जागी, त्यावर भर म्हणून नव्हे. ‘कमी साखरेचे आहे’ म्हणून सहा खाल्ली तर तीन भाकरी जादा झाल्या.

चव एकदम बदलणार नाही. घरात जी कृती आहे तीत पहिल्या वेळी साखर चौथ्या हिश्श्याने कमी करा, पुढच्या वेळी आणखी. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग विकतचे बिस्किटच फार गोड लागते.

ओट्स नसतील तर

ओट्सवाचून काही अडत नाही. ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू असतात, ओट्सच्या जवळपास. बीटा-ग्लुकॅन ओट्सइतके नसते, पण बिस्किटातून ते तसेही फारसे मिळत नाही, हे वर पाहिलेच. वरोरा, राजुरा पट्ट्यात ज्वारी घरची असते. दक्षिण गडचिरोलीत कोदो, कोसरीसारखी भरड धान्ये अजून पिकतात. ती भाजून रवाळ दळली तर ओट्सच्या जागी चालतात. दळण जाडसर ठेवा. पीठ जितके बारीक, तितकी साखर रक्तात लवकर चढते.

जवसाबद्दल मुद्दाम सांगतो. धानाच्या बांधीत उतेरा म्हणून पेरले जाणारे हे पीक आता अनेक घरांतून चटणीपुरते उरले आहे. जवसाच्या वजनात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलाचा जवळपास निम्मा भाग ओमेगा-३ गटातला असतो, जो शाकाहारी माणसाला सहज मिळत नाही. मात्र ते भाजूनच वापरा आणि लागेल तेवढेच कुटा. कुटलेले जवस लवकर खवट होते.

मोहाचे बिस्किट

आपल्या जिल्ह्यांत गोडी झाडावरूनही येते. मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकतो. मोहफुलांचे नाव दारूशी इतके जोडले गेले, की भाजून तिळासोबत कुटलेली मोहफुले हे जंगलातल्या घरांचे जुने खाणे होते, हे शहरात कोणाला ठाऊक नसते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. फुलाला खाण्याची वाट मिळाली तर ते चांगलेच. वरच्या कृतीत ४० ग्रॅम गुळाऐवजी ६० ग्रॅम सुकी मोहफुले घाला. केसर काढा, माती-वाळू झटका, मंद भाजा आणि तिळासोबत कुटा. ओल लागलेली, आंबूस वासाची किंवा बुरशी धरलेली फुले घेऊ नका.

पण इथे डॉक्टर म्हणून सावध करावे लागते. सुक्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ६० ग्रॅम मोहातून ३० ग्रॅमच्या वर साखर येते, म्हणजे जवळपास गुळाइतकीच. गुळातही १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅमहून अधिक साखर असते. मोहात थोडे तंतू, गुळात थोडे लोह, हे खरे. पण मधुमेह्याच्या रक्तात गेल्यावर साखर ती साखरच. ‘नैसर्गिक’ या शब्दाला ग्लुकोमीटर ओळखत नाही.

हे फूल स्वस्तही समजू नका. ते वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या बाया-माणसांवर वाघाचे हल्ले होतात, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. बाजारातून मोह घेताना मोल करू नये, एवढे तरी आपल्याला जमावे.

आजीचे वेगळे, नातवाचे वेगळे

आपल्या भागातली खरी अडचण अशी, की एकाच घरात आजीला मधुमेह असतो आणि नातू वजनात कमी असतो. दोघेही चहात बुडवून तेच बिस्किट खातात. दोघांसाठीही ते चुकीचे.

आजीने दोन बिस्किटांवर थांबायचे. नातवाला उष्मांक आणि प्रथिने दोन्ही हवीत. त्याच्या बिस्किटात तूप कमी करू नका, साखर वाढवू नका. ३० ते ४० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि केळ्यासोबत एक अंडे घाला. लहान मुलांना अख्खा शेंगदाणा देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. चहाऐवजी दूध द्या; चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या खाण्यात वरून साखर किंवा गूळ घालूच नये. आणि कोणतेही बिस्किट अंगणवाडीतल्या अंड्याची, वरण-भाताची जागा घेऊ शकत नाही.

चार गोष्टी लक्षात ठेवा

पहिली, डालडा टाळा. तुपाऐवजी स्वस्त म्हणून डालडा किंवा बेकरीचे सुटे मार्गारिन वापरले की ट्रान्स फॅटचा धोका येतो आणि तो थेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांना भिडतो. सरकारने २०२२ पासून तेला-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे; पण सुट्या मालाची खात्री कोण देणार? तूप नको असेल तर शेंगदाण्याचे तेल निम्मे घ्या.

दुसरी, गोडीच्या गोळ्या हा कायमचा उपाय नव्हे. वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. तो मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. मधुमेह्याने वापरायचीच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून. शिवाय अ‍ॅस्पार्टेमसारख्या गोडीची चव भट्टीच्या उष्णतेत उतरते.

तिसरी, सिकलसेलची. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ चाचणी खोटी कमी येऊ शकते. वाहकांमध्येही काही यंत्रांवर ती चुकते. तेव्हा तुमच्याकडे लाल किंवा पिवळे सिकलसेल कार्ड असेल तर मधुमेहाच्या तपासणीवेळी ते डॉक्टरांना दाखवा. अशा रुग्णांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहावी.

चौथी सर्वांत महत्त्वाची. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे अनेक जण शेतावर, जंगलात जाताना खिशात बिस्किट ठेवतात. दरदरून घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ झाला की ते खातात. घरचे कमी साखरेचे बिस्किट त्या वेळी उपयोगाचे नाही. तुपामुळे आणि तंतूंमुळे ते सावकाश पचते. तेवढ्यात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्या. सावरल्यावर मग बिस्किट किंवा भाकर खा आणि दवाखाना गाठा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

म्हणून घरी ओट्सचे बिस्किट करताना आणखी एक काम करा. साखरेची छोटी पुडी बांधून इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या खिशात ठेवा. बिस्किटातली साखर कमी करायची ती रोजच्यासाठी. ही पुडी अडीनडीसाठी.